एचएमव्ही म्हणजे मालकाचा आवाज: ट्रकवाल्यांच्या लायसन-भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी अकरा वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडत होतो. समोरच्या बाकड्यावर गाडी भरायची वाट बघत ड्रायव्हर बसलेले असायचे, आणि त्यांचे फॉर्म भरून द्यायचं काम कुणी न सांगता माझ्या गळ्यात पडलं होतं. इंग्रजी फॉर्म, मराठीत वाचले की आणखी अवघड होणारे फॉर्म, आणि शेवटी ऑनलाइन फॉर्म. त्यातला एखादा शब्द बाकड्यावर आला की सगळे मिळून त्याची सालं काढायचे. नव्या पोरांना, मालकांच्या शिकलेल्या मुलांना आणि हल्ली माझ्या भाच्याला हे विनोद कळत नाहीत, मग तेच तेच प्रश्न येतात. एकदाची उत्तरं लिहून टाकतो. नियम खरे आहेत, विनोद बाकड्यावरचे आहेत.

लायसन, लायसन्स की अनुज्ञप्ती?

लायसन. शेवटचा 'स' मी अकरा वर्षांत एकदाच ऐकला, तोही विम्याच्या माणसाकडून. 'अनुज्ञप्ती' हा सरकारी शब्द फक्त कागदावर राहतो. सांगलीकडच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मी 'शिकाऊ अनुज्ञप्ती' असं मोठ्याने वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "कुणाची पोरगी? आणि इथं काय शिकायला आलीय?" त्या दिवसापासून आमच्याकडे लर्निंग लायसनचं नाव 'पोरगी' पडलं. "पोरगी आली का रे?" म्हणजे लर्निंग निघालं का. बाहेरचं कुणी बसलेलं असेल तेव्हा हे वाक्य जपून वापरायचं.

एरवी कच्चं आणि पक्कं. कच्चं सहा महिने चालतं आणि ते निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. गंमत पक्क्यात आहे. ट्रकचं पक्कं लायसन पाच वर्षांत संपतं, २०१९ च्या कायदादुरुस्तीआधी तर तीनच वर्षांत संपायचं. "कच्च्या कैरीचं लोणचं याच्याहून जास्त टिकतं," असं बाकड्यावरचे आमचे तात्या म्हणायचे. त्याच दुरुस्तीत मुदत संपल्यावर मिळणारी तीस दिवसांची सवलतही गेली, हे मात्र पुष्कळांना अजून माहीत नाही. मुदत संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. तीस वर्षं गाडी हाणलेल्या माणसाला पोरांच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेतली पोरं त्याला 'काका, तुम्ही कुणाला सोडायला आलात?' असं विचारतात.

एचएमव्ही म्हटल्यावर सगळे का हसतात?

कायद्याच्या भाषेत हेवी मोटर व्हेइकल, जड वाहन. बाकड्याच्या भाषेत हिज मास्टर्स व्हॉइस. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या होत्या त्यांना ते चित्र आठवेल: भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा मालकाचा आवाज ऐकतोय. आता भोंग्याच्या जागी मोबाईल ठेवा. रात्री दीड वाजता घोडबंदर रोडच्या जाममध्ये गाडी उभी आहे आणि शेठचा फोन येतो, "कुठं पोचलास?" दहा मिनिटांनी पुन्हा, "कुठं पोचलास?" गाडी तिथंच, ड्रायव्हर तिथंच, आवाज चालू. शेजारच्या गाडीतून कुणी "काय चाललंय?" म्हणून विचारलं की हा मान तिरकी करून दाखवतो. बोलायची गरजच पडत नाही.

नव्या पोरांनी तबकडी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांना हा विनोद दोनदा सांगावा लागतो आणि दोनदा सांगितलेल्या विनोदाचं जे होतं ते होतं. त्यांनी स्वतःचं भाषांतर काढलंय: 'हमाल मिळेना, वाट बघ'. भिवंडीच्या गोदामांत ज्याने दुपार काढली आहे त्याला ते पटेल. एलएमव्ही म्हणजे लाइट मोटर व्हेइकल, हलकं वाहन; त्याचं 'लवकर मोकळं व्हा'. हे नो पार्किंगमध्ये उभ्या टेम्पोला हवालदार सांगतो ते.

पण माझ्या लायसनवर एचएमव्ही लिहिलेलंच नाही. एजंटाने फसवलं का?

नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आधी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी असे चार वेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही काढून एकच वर्ग केला, ट्रान्सपोर्ट व्हेइकल. म्हणून कार्डावर 'ट्रान्स' असं छापून येतं. चार भावांच्या मधल्या भिंती पाडून एकच मोठी खोली केल्यासारखं झालं. लोकांच्या तोंडात मात्र 'हेवी' च राहिलं. "हेवी काढलं का?" असंच विचारतात, "ट्रान्स काढलं का?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

एनटीचा विनोद काय आहे?

एलएमव्ही-एनटी मधलं एनटी म्हणजे नॉन ट्रान्सपोर्ट, घरगुती वापराची हलकी गाडी. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट. महाराष्ट्रात एनटी म्हटलं की आधी भटक्या जमातींचा दाखला आठवतो, त्यामुळे पहिल्यांदा कार्ड हातात पडल्यावर गोंधळ होतो. एक पोरगा खरंच घाबरून आला होता, "मी कुठं दाखला जोडला होता? उद्या पडताळणी लागली तर?"

आमच्यात खरोखर तो दाखला असलेले एक काका होते, बीडकडचे. त्यांच्या लायसनवर टीआर. ते म्हणायचे, "जो रोज संध्याकाळी घरी जेवायला जातो त्याच्या कार्डावर एनटी, आणि मी महिनामहिना इंदूर, हैदराबाद, बंगळूर करतोय तर मी टीआर. भटका कोण ते आरटीओला कुणीतरी समजावा." हा विनोद त्यांनीच करायचा होता. दुसऱ्या कुणी केला की बाकडं गप्प व्हायचं.

'साडेसात' हा आकडा सारखा का येतो? साडेसाती?

हो, हुबेहूब तेच म्हणतात. साडेसात टन म्हणजे ७,५०० किलो, इथे हलकं वाहन संपतं आणि शनी सुरू होतो. मालाच्या गाडीचं भरलेल्या अवस्थेतलं एकूण वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात, ते ७,५०० किलोच्या आत असेल तर कायद्याने ती हलकी. छोटा हत्ती त्यात आला, ४०७ देखील आली.

यावरून पुष्कळ वर्षं भांडणं झाली. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, ड्रायव्हरकडे नुसतं एलएमव्ही होतं, ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता, आम्ही पैसे देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं की साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही पुरतं, वेगळा शेरा लागत नाही. ते पुन्हा पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानेही तेच कायम ठेवलं. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना मात्र ही सूट नाही.

निकालाच्या दिवशी बाकड्यावरचे छोटा हत्तीवाले इतके खूश होते की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. बारा टायरीवाले म्हणाले, "तुमची साडेसाती सुटली, आमची टायरं मोजा."

हेवी लायसन कधी मिळतं?

वय वीस पूर्ण, आणि हातात एलएमव्ही येऊन किमान एक वर्ष झालेलं. त्याआधी ट्रकचं लर्निंगसुद्धा मिळत नाही. त्याबरोबर डॉक्टरचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, म्हणजे नमुना ५. 'लग्नाला एकवीस लागतात, ट्रकला वीस, म्हणजे सरकारला कुठलं ओझं जड वाटतं बघा,' हे वाक्य प्रत्येक नव्या पोराला ऐकवलं जातं. मी ते निदान दोनशे वेळा ऐकलं असेन.

'आठवी पास' आणि 'आठ पास' मध्ये काय फरक?

ट्रकच्या लायसनला किमान आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. 'आठ' म्हणजे टेस्टच्या मैदानातला इंग्रजी आठ, ज्याच्यावरून पाय न टेकता मोटरसायकल फिरवायची. एकाने अर्जात शिक्षण या रकान्यात 'आठ पास, पाय न टेकता' असं लिहिलं होतं. मी ते खोडून दिलं, पण आजही वाटतं की तसंच जाऊ द्यायला हवं होतं.

अट होती तेव्हाची कथा इतकी हसण्यासारखी नव्हती. सातवीत शाळा सुटलेला, घाटात रिव्हर्समध्ये ट्रेलर लावून दाखवणारा माणूस आठवीच्या कागदासाठी गावातल्या शाळेच्या पायऱ्या झिजवायचा. त्यातल्या एकाने चाळिशीत खरंच बाहेरून परीक्षा द्यायची तयारी केली होती. त्याची मुलगी त्याच वर्षी आठवीत होती. दोघं एकाच पुस्तकातून अभ्यास करायचे, आणि गणितात ती त्याला मारायची. तोंडी नव्हे, फूटपट्टीने. हे तो स्वतः हसत हसत सांगायचा.

बिल्ला म्हणजे काय? ट्रकवाल्याला लागतो का?

बिल्ला, म्हणजे बॅज, हा माणसं वाहणाऱ्यांचा: टॅक्सी, रिक्षा, बस. मालवाल्याचा तो नव्हेच. पण लोक ट्रान्सपोर्टच्या शेऱ्यालाही सर्रास 'बॅज' म्हणतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. २०१७ च्या निकालानंतर, २०१८ मध्ये, केंद्राने हलक्या व्यावसायिक गाड्यांना वेगळ्या शेऱ्याची गरज नाही असं राज्यांना कळवलं, तेव्हा टॅक्सीवाले आणि टेम्पोवाले दोघांनीही 'बॅज गेला' म्हणून आनंद केला. टेम्पोवाल्याकडे तो आधीही नव्हता.

बिल्ल्याचा विनोद एकच आहे आणि तो जुना आहे. "बिल्ला कुठाय?" "साहेब, सकाळी दूध पिऊन गेला." यावर हसायचं नसतं, कपाळाला हात लावायचा असतो.

परमिटवरून पोलीस आणि ड्रायव्हर दोघंही का हसतात?

कारण आपण महाराष्ट्रात राहतो. गाडीला परमिट लागतं आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे दारू प्यायलाही परमिट लागतं, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. उत्तरेतून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या एका सरदारजींना कळंबोलीत 'परमिट रूम'ची पाटी दिसली. ते फाइल घेऊन आत गेले, नॅशनल परमिटचं नूतनीकरण करून घ्यायला. ही गोष्ट कळंबोलीतही सांगतात, दहिसरलाही सांगतात आणि भिवंडीतही. प्रत्येक ठिकाणी ती 'आमच्या समोरच' घडलेली असते, त्यामुळे ती घडली नसावी असा माझा अंदाज आहे.

"परमिट आहे का?" या प्रश्नाला "गाडीचं की माझं?" हे उत्तर चहाच्या टपरीवर ठीक. नाक्यावर ते देऊ नये, कारण लगेच फुंकायचं यंत्र बाहेर येतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर कुठलंच परमिट कामाला येत नाही.

पृष्ठांकन म्हणजे काय? पाठीला काही होतं का?

एंडोर्समेंटला सरकारी मराठीत पृष्ठांकन म्हणतात. पृष्ठ म्हणजे पाठ, अंकन म्हणजे खूण करणं. आपल्या भाषेत शेरा. जुन्या पुस्तकवाल्या लायसनात मागच्या पानांवर नव्या वर्गाचा शेरा पडायचा, आणि गुन्ह्याचाही पडायचा. त्यामुळे 'शेरा मिळाला' म्हटलं की अभिनंदन करायचं की सांत्वन, हे समोरच्याचं तोंड बघून ठरवावं लागे. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखंच. एक ड्रायव्हर म्हणायचा, "माझ्या आईने दोन्ही पुस्तकं एकाच पेटीत ठेवलीत, दोन्हीत शेरे लाल शाईचे."

पण ट्रकवाल्याला पृष्ठांकन शिकवायला नको. गाडीच्या पाठीवर लिहिण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. तिथं 'हॉर्न ओके प्लीज' होतं, आणि एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते लिहायला बंदी घातली, लोक ते वाचून उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. आदेश आला त्या आठवड्यात आमच्या एका पेंटरने दर वाढवले. लिहायचे वेगळे, पुसायचे वेगळे. पुसायचे जास्त होते. तात्यांनी 'हॉर्न' आणि 'प्लीज' पुसून घेतलं आणि मधलं 'ओके' तसंच ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "मी ठीक आहे, एवढं सांगायला काय हरकत आहे?"

'पासिंग' किती आहे, याचं उत्तर कोण देतो? गाडी की ड्रायव्हर?

गाडी. पासिंग या एका शब्दाचे आपल्याकडे निदान तीन अर्थ आहेत. एक, गाडीवर कायद्याने किती वजन चालतं ते. दोन, आरटीओत नेऊन फिटनेस करून आणणं, "गाडी पासिंगला गेलीय". तीन, गाडी कुठल्या आरटीओची: "शून्य तीन पासिंग" म्हणजे वडाळा, "शून्य चार" म्हणजे ठाणे, "त्रेचाळीस" म्हणजे वाशी, "शेहेचाळीस" म्हणजे पनवेल. नव्या माणसाने नुसतं "पासिंग काय?" विचारलं की तिघं तीन उत्तरं देतात आणि तिन्ही बरोबर असतात.

पहिल्या अर्थाचे आकडे जुलै २०१८ मध्ये बदलले. सहा टायरी दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली आणि दहा टायरी २५ वरून २८.५ वर. मालकांनी पेढे वाटले. भाडं मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही, आणि भत्ता तर जागचा हललाच नाही. ओव्हरलोडचा दंड पुढच्याच वर्षी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा झाला. तेव्हापासून वजनकाट्यावर जाताना काही ड्रायव्हर क्लीनरला खाली उतरवतात. क्लीनरचं वजन पंचावन्न किलो. पण मनाला बरं वाटतं.

दुसऱ्या अर्थाचं थोडक्यात: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन दोन वर्षांनी, मग दरवर्षी. माणसांचंही असंच असावं अशी बाकड्याची सूचना होती.

गाडीच्या दारावर यूएलडब्ल्यू, आरएलडब्ल्यू लिहिलेलं असतं ते काय?

रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं नोंदलेलं वजन. जेवणाआधी आणि जेवणानंतर पोटावर हात फिरवत हेच शब्द वापरतात.

शिक्षण विचारलं की काही जण 'पीयूसी' का सांगतात?

प्रदूषणाच्या सर्टिफिकेटला पीयूसी म्हणतात, आणि जुन्या काळी मॅट्रिकनंतरच्या वर्षालाही काही ठिकाणी पीयूसी म्हणायचे. स्थळ बघायला गेलेल्या एका ड्रायव्हरने मुलीच्या आजोबांना "पीयूसी झालंय" असं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं, दर सहा महिन्यांनी होत होतं. लग्न ठरलं. पुढचं मला विचारू नका.

'हजारदस' कोणाला म्हणतात?

हझार्डस. माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे, त्यामुळे चेंबूर भागात टँकरवाल्यांची जमातच वेगळी आहे. धोकादायक माल न्यायचा तर साध्या ट्रान्स लायसनावर भागत नाही. तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्याचा शेरा, आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी. हा शेरा तीन वर्षं चालतो, २०१९ आधी एकच वर्ष चालायचा. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावं अशीही अट आहे. 'हझार्डस'चं तोंडातल्या तोंडात हजारदस झालं आणि टँकरवाले स्वतःला एक हजार दस म्हणवून घेऊ लागले. "आम्ही साधे शंभर नंबरी नाही, हजारदस आहोत."

टँकरच्या बाजूला आणि मागे जी चौकोनी पाटी असते तिच्यावरचा चार आकडी नंबर मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एलपीजी १०७५. आग लागली, गळती झाली, तर अग्निशमन दलाला लांबूनच कळावं की आत काय आहे. आमच्या इथल्या एका मटकाप्रेमी हमालाला वाटायचं की ते आकडे कुठूनतरी वरून येतात, आणि तो रोज पाटी बघून आकडा लावायचा. वर्षभर एकही लागला नाही. लागणार कसा, पाटी रोज तीच.

यावरचे विनोद टँकरवाल्यांनीच करावेत. ते स्वतः बिडीच्या विनोदाला हसत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

फोनवर 'माझ्याकडे घोडा आहे' म्हणणं सुरक्षित आहे का?

उरण-न्हावा शेवा भागात ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला घोडा म्हणतात, आणि कंटेनरला डबा. ट्रेलर बंदरात सोडला आणि नुसतं पुढचं तोंड घेऊन आला की "घोडा घेऊन आलोय". मुंबईत घोड्याचा दुसराही अर्थ आहे, जो खिशात बसतो आणि ज्याला वेगळं लायसन लागतं. दादरहून पनवेलला जाणाऱ्या एसटीत आमचा एक जण फोनवर म्हणाला, "घोडा रात्री वाशीला लावतो, सकाळी दोन डबे उचलायचेत." शेजारचा प्रवासी पुढच्या स्टॉपला उतरला. त्याचं तिकीट पनवेलपर्यंतचं होतं.

'सारथी चालत नाही' असं का म्हणतात?

लायसनच्या सरकारी पोर्टलचं नाव सारथी आहे, गाड्यांच्या पोर्टलचं वाहन. नावं छान आहेत. पोर्टल अडकलं की बाकड्यावर महाभारत सुरू होतं. "सारथी झोपला, अर्जुन रांगेत." कृष्णाकडे ट्रान्स होतं की नुसतं एलएमव्ही, यावर एक पूर्ण दुपार वाद झाला होता. निकाल असा लागला की चार घोडे, दोन चाकं, वजन साडेसात टनांच्या आत, मालक शेजारी बसलेला आणि भाडं घेतलेलं नाही, म्हणजे एनटी पुरतं. कर्णाच्या सारथ्याचंही नाव निघालं. शल्य गाडी हाकायचा आणि वर कर्णालाच टोमणे मारायचा. "हा तर आमचा शेठ," असं तीन जण एकदम म्हणाले.

चांगली गोष्ट एक झाली, नोव्हेंबर २०१८ पासून मोबाईलमधल्या डिजिलॉकरमधलं लायसन दाखवलं तरी चालतं. आता लायसन घरी विसरलं म्हणायची सोय राहिली नाही, बॅटरी संपली म्हणावं लागतं.

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचंही असंच असतं का?

तात्यांचा एक पुतण्या तिकडे गाडी चालवतो, त्याच्याकडून कळलेलं आणि नंतर मी वाचून पडताळलेलं सांगतो. तिकडे १९८६ च्या कायद्याने सीडीएल, म्हणजे कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन, आलं, आणि एप्रिल १९९२ पासून ते बंधनकारक झालं. वर्ग ए, बी, सी. आपल्या साडेसात टनांसारखा त्यांचा आकडा २६,००१ पौंड, म्हणजे जवळपास ११,८०० किलो. तो शेवटचा एक पौंड आम्हाला फार आवडला. 'एकशे एक रुपये आहेर देतात तसं,' असं ठरलं.

शेरे त्यांच्याकडे अक्षरांत असतात. एच म्हणजे धोकादायक माल, एन म्हणजे टँकर, दोन्ही असतील तर एक्स. टी म्हणजे एकामागे एक दोन-तीन ट्रेलर, पी म्हणजे प्रवासी, एस म्हणजे शाळेची बस. हे ठीक. खरी मजा निर्बंधांत आहे. ज्याने एअर ब्रेकची परीक्षा दिली नाही त्याच्या कार्डावर एल. आपल्याकडे एल म्हणजे पांढऱ्यावर तांबडा, 'लांब राहा'. बाकड्याचं मत पडलं की दोन्ही देशांत अर्थ एकच आहे. आणि ज्याने बिनागिअरच्या ट्रकवर टेस्ट दिली त्याच्या कार्डावर ई, म्हणजे गिअरचा ट्रक चालवायचा नाही. हे ऐकून तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बिनागिअरचा ट्रक? मग डावा हात दिवसभर करतो काय?"

'हलकं वाहन' म्हणून टोल माफ झाला, तो आम्हाला का नाही?

ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना टोल माफ आहे. जड वाहनांना नाही. पहिल्या आठवड्यात एकाने नाक्यावर खिडकीतून सांगून पाहिलं, "साहेब, माल उतरवून आलोय, गाडी आता हलकी झालीय." आतल्या पोराने पावती देत विचारलं, "आणि भाडं मिळालं?" "मिळालं." "मग जड झाली."

जकात तर १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, पण पत्ता सांगताना आजही 'जकात नाक्याच्या पुढे' असंच सांगतात. नव्या पोरांना जकात म्हणजे त्या जागेचं नाव वाटतं.

हे विनोद टेस्टच्या वेळी इन्स्पेक्टरसमोर करावेत का?

एकाने केला. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही. ट्रकची टेस्ट, मे महिना, मैदानात सावली नाही. इन्स्पेक्टरने विचारलं, "एचएमव्ही म्हणजे काय, सांग." याने दात काढत सांगितलं, "मालकाचा आवाज, साहेब." इन्स्पेक्टरही हसला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग तो हातातली फाइल बंद करून सावलीच्या शोधात चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, "छान. आता माझा ऐक. रिव्हर्स घे. मी थांब म्हणेपर्यंत."